महिन्याला सात छपरं

हॅलो? … हॅलो, कोण? … हां स्वप्नाली, जयभीम, जयभीम. तुझ्याच फोनची वाट बघत होते… हो, शिरगावलाच, घरी. कारखान्यातून लवकर निघाले आज, जीन्सचे धागे काय उद्याही कापता येतील… कुठला झोपतोय तुझा दादा! उताणा पडून पंखा बघतोय. थांब, गॅलरीत येते…

हां. बोल आता. केलास हिशेब? … अगं रडतेस काय? स्वप्ना… अगं ऐक ना! तू ढकललंस का त्याला? … हो, आकडा तुझाच. तू ऑफिसात हिशेब लिहितेस, म्हणून त्याने विचारलं. तू सांगितलंस, दादा, महिन्याला सात छपरं घाल, म्हणजे ना नफा ना तोटा. त्यात तुझं काय चुकलं?

पण तो सात धरूनच बसला गं. सहा झाली की अन्न गोड लागायचं नाही त्याला. मार्चातही सहाच झाली होती. एकतीस तारखेला अंबरनाथच्या त्या कारखान्याची शेड हातात. तीन दिवसांचं काम, म्हणाला आजच उरकतो, म्हणजे सात होतील… हो ना! बोल्टच्या ओळीवरूनच चालायचं, तिथे खाली लोखंडी अँगल असतो, नुसत्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय टाकायचा नाही. गड्यांना त्यानेच शिकवलेलं. आणि घाईत स्वतःच… अठरा फूट. हो… नाही, डॉक्टर म्हणाले, चालेल कदाचित. चढणार नाही.

बरं, ते राहू दे. आकडा सांग… काय? … परत सांग. कोणाची मजुरी? … धरलीच नव्हती? … म्हणजे गाळ्याचं भाडं धरलंस, टेम्पोचा हप्ता धरलास, उल्हासनगरच्या शेठचं व्याज धरलंस, दोन गड्यांची हजेरी धरलीस, आणि जो वर चढतो त्याचीच… तू विचारलंस? मग काय म्हणाला? … "मालकाला कसला पगार." हो. असंच म्हणणार तो. सहा वर्षं घर माझ्या पगारावर चाललं, त्याला वाटायचं धंदा चाललाय.

हं… आता त्याच्या जागी फिटर ठेवायचा. अडीचशे रोज. तीन दिवसांचे साडेसातशे. एका छपरामागे दोन हजार सुटायचे, ते आता… साडेबाराशे. मग किती छपरं? … बारा? … महिन्याला बारा? अगं, एकाला तीन दिवस लागतात! छत्तीस दिवसांचा महिना कुठून आणू मी?

नाही, पुरानंतरचं सोड. तेव्हा अख्ख्या बदलापूरला पत्रे हवे होते, म्हणून तर टेम्पो घेतला. आता कोण विचारतंय? … हो, तेच सांगायला तुला फोन करायला लावला. कुळगावचा तो पत्रेवाला सुजित आलाय, बाहेर बसलाय कागद घेऊन. टेम्पो, शिड्या, वेल्डिंग मशीन, सगळं घेतो, उरलेले हप्तेही तोच भरणार. आज सही नाही झाली तर तो दुसरीकडे बघेल. आणि दादा सही करत नाही. बसायला लागलो की खालून काम बघेन, म्हणतो. माझं ऐकत नाही… तू सांग त्याला. तुझा आकडा तो ऐकतो… मला माहीत आहे तुला जड जातंय. मलाही जातं. पण सात तूच सांगितलंस ना? मग बाराही तूच सांग. फोन त्याच्या कानाला लावते…

अहो, स्वप्ना आहे. घ्या… बोलू नका, नुसतं ऐका…

…

हॅलो? हां, मीच. सांगितलंस सगळं? … मजुरीचंही? … नुसता हं, हं करत होता… थांब हां. काय हो? … सुजितभाऊ, आत या, कागद आणा. पेन द्या त्यांच्या हातात… नाही, वाचून दाखवू नका. नको म्हणतात…

हॅलो… हो, केली सही. पडल्या पडल्या केली, वाकडीतिकडी… स्वप्ना, तो काहीतरी विचारतोय तुला… मी सांगते त्याला नंतर, तू राहू दे… अगं काही नाही… विचारतोय, सहा वर्षांची त्याची मजुरी किती झाली असती.

नको. स्वप्ना, नको काढूस. ऐक माझं, नको… ठेवते मी.