जॅकेटातला डावा हात

…नाही, तुम्हीच सांगा, हिलोमध्ये जॅकेट कोण घालतं? अहो, हवाई बेट आहे हे, इथं माणूस लग्नालासुद्धा रबरी चपला घालून जातो, जॅकेट लागतं ते फक्त माउना केआच्या डोंगरावर बर्फ बघायला जाताना! आणि आमचे बाबा, वय ऐंशीच्या पुढे, नाव हारुओ, मूळ घराणं जपानी, डॉक्टरकडे जायचं म्हटलं की कपाटातून ते निळं जॅकेट काढणार, चेन गळ्यापर्यंत ओढणार, डावा हात खिशात कोंबणार आणि उजव्या हातात डॉक्टरसाठी परसातल्या पपयांची पिशवी घेणार. घामानं नुसते निथळतायत, पण हात काही खिशाबाहेर येत नाही. का? तर डॉक्टरला दिसू नये! म्हणजे ज्याला दाखवायला चाललोय, त्यालाच दिसू नये…

दुसऱ्या कुणाच्या बापानं हे केलं असतं ना, तर मी पोट धरधरून हसलो असतो. पण मी पडलो कोडर. आता कोडर म्हणजे काय ते आमच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही, एक आत्या मला टीव्ही दुरुस्त करायला बोलावते. तर दवाखान्याच्या ऑफिसात आमचं काम असं, की डॉक्टरनं फाइलीत जे शब्दांत लिहिलंय त्याचा आकडा शोधायचा. तो आकडा विमा कंपनीकडे जातो, आणि आकडा बघून ती ठरवते की या माणसाला काय झालंय आणि त्याच्या उपचाराचं काय करायचं. आकडे किती म्हणाल? तुम्हाला कासव चावलं तर त्याला आकडा आहे, खोटं नाही सांगत, आणि तेच चावलेलं पुन्हा दाखवायला आलात तर त्याला वेगळा आकडा आहे! आणि या सगळ्यावर एकच नियम, पहिल्या दिवशी शिकवतात आणि रिटायर होईपर्यंत ऐकवतात… लिहिलं नाही, म्हणजे झालं नाही. पेशंट एका पायावर उड्या मारत का येईना, डॉक्टरनं दुसऱ्या पायाचं काही लिहिलं नाही ना? मग त्याला दोन पाय आहेत. संपलं.

मला हा नियम फार आवडायचा हो. स्वच्छ नियम. वाद नाही, रडारड नाही.

मग गेल्या वर्षी बाबांना स्ट्रोक आला. गाडी लावतो त्या पडवीत माशांचं जाळं धूत बसले होते, आणि बसल्याबसल्या कलंडले. बोलणं वाचलं, चालणं परत आलं, पण डावा हात गेला. आता तुम्ही म्हणाल, डावाच ना, उजवा तर आहे! अगदी हेच सगळे म्हणाले. पण बाबा डावखुरे आहेत हो. जन्माचे डावखुरे! उसाच्या मळ्यावरच्या शाळेत मास्तरांनी बोटांवर पट्ट्या मारून लिहिणं तेवढं उजव्या हातात नेलं, आजीनं चॉपस्टिक नेल्या. राहिलेलं अख्खं आयुष्य डाव्या हातात. सुरी डावी, हातोडी डावी, आणि जाळं… ते फेकायचं गोल जाळं, बाबांनी स्वतः विणलेलं, कडेला शिशाचे मणी. केआउकाहाच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर बाबा तासन्‌तास पुतळा होऊन उभे राहायचे आणि मग तो डावा हात एकदाच असा फिरायचा… आणि जाळं हवेत उघडायचं, तव्याएवढं गोल, म्हणजे तव्याएवढं नाही हो, अंगणाएवढं, पण तव्यासारखं गोल. मासे घरी कमी यायचे, शेजाऱ्यांच्या दारांवर पिशवीत टांगलेले जास्त असायचे.

आणि एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे कुणी ‘मासे मारायला जातो’ असं तोंडानं म्हणत नाही. मासे ऐकतात! म्हणायचं, ‘जरा फिरून येतो’. खांद्यावर जाळं, हातात बादली, डोक्यावर टोपी, आणि माणूस म्हणतोय जरा फिरून येतो. आपणही विचारायचं नाही. माझ्या उभ्या जन्मात बाबांच्या तोंडून ‘मासे मारणं’ हा शब्द मी ऐकला नव्हता. जे मनापासून हवंय ते तोंडानं बोलायचं नाही, आणि जे दुखतंय ते तर नाहीच नाही. आई गेली तेव्हासुद्धा लोक भेटायला आले, तर बाबा म्हणत होते, ‘ठीक आहे, ठीक आहे, तुम्ही जेवलात का?’

तर डॉक्टर. हॅलोरन नाव, मिनेसोटाहून आलेला तरुण माणूस, स्वभावानं चांगला, पण बाहेर पेशंटांची ही रांग. तो विचारणार, ‘कसं काय, हारुओसान?’ आणि आमचे बाबा एकदम ताठ, ‘फर्स्ट क्लास! तुमचं कसं? पपई घ्या.’ हाताला काही त्रास? ‘छे छे, वय झालं, तेवढंच.’ मी मध्ये तोंड घालायला जावं, डॉक्टर, अहो त्यांना शर्टाचं बटण लागत नाही… की बाबा हसून म्हणणार, ‘याची आई गेल्यापासून हा फार काळजी करतो.’ डॉक्टर आपली बोटं दाबायला सांगायचा, तेवढ्यापुरता डावा हात खिशाबाहेर यायचा, बाबा दातओठ खाऊन, चेहऱ्यावर हसू ठेवून, जीव खाऊन दाबायचे. वर कागदावर सही करायची ती झोकात, उजव्या हातानं! मग डॉक्टर काय लिहिणार? लिहिलं, ‘स्ट्रोकचा इतिहास. प्रकृती उत्तम. पकड वयाच्या मानानं ठीक.’

इतिहास! तुम्हाला वाटेल, बरोबरच आहे, आला होता स्ट्रोक, झाला इतिहास. पण आमच्या पुस्तकात त्या शब्दाचा अर्थ होतो, आला, गेला, मागे काही उरलं नाही. मागे उरलं असेल तर त्याचं वेगळं प्रकरण आहे, वेगळे आकडे आहेत, हात उरला का, पाय उरला का, वाचा उरली का. हे डॉक्टरला कुठून माहीत असणार? तो माणसाच्या भाषेत लिहितो, आम्ही आकड्यांच्या भाषेत वाचतो. विमा कंपनीनं वाचलं, काही उरलं नाही. मग हाताचे व्यायाम कशाचे करताय? बंद! आणि ती व्यायाम घेणारी बाई मला बाजूला घेऊन सांगत होती, वेंडेल, बोटं आत्ता कुठं उघडायला लागलीत, आत्ता थांबलो तर मूठ कायमची मिटेल.

आता मी कोडर आहे, मग मी स्वस्थ का बसलो? बसावंच लागलं! कारण घरच्या माणसाची फाइल आम्हाला उघडता येत नाही, उघडली की नोकरी गेली. बाबांची फाइल ग्वेनकडे. ग्वेन पाचेको, माझ्या पलीकडच्या टेबलावर, मध्ये एक पार्टिशन. म्हणजे बघा, माझा बाप त्या पार्टिशनच्या पलीकडे चांगला ठणठणीत आहे आणि अलीकडे मी सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून आलोय. मी म्हटलं, ग्वेन, तू ओळखतेस ना त्यांना? तुझ्या दारावर मासे टांगलेत त्यांनी. ग्वेन रडकुंडीला आली. म्हणाली, ‘वेंडेल, मी ओळखते. पण फाइल ओळखत नाही.’ आणि मग दोघांनी एकदमच म्हटलं, सवयच हो, लिहिलं नाही, म्हणजे झालं नाही.

डॉक्टरला विचारता येतं म्हणा. ग्वेननं विचारलं. पण विचारायचं ते कसं, उत्तर सुचवायचं नाही! ‘यांचा डावा हात लुळा आहे का’ असं नाही चालत. ‘स्ट्रोकनंतर काही परिणाम शिल्लक असल्यास कृपया नोंदवावा.’ डॉक्टरनं प्रामाणिकपणे आपलं टिपण बघितलं आणि उत्तर पाठवलं, ‘पेशंटच्या म्हणण्यानुसार काही नाही.’ झालं! वर समजा त्यानं लिहिलंच की डावी बाजू कमजोर आहे, तरी पुस्तक म्हणतं, डावखुरा असल्याचं कुणी लिहिलं नसेल तर डावा हात कमी कामाचा धरा. मग आकड्याच्या शेवटी चार. डावखुरा लिहिलं तर दोन. माझ्या बापाचं सगळं आयुष्य त्या चार आणि दोनच्या मध्ये उभं.

घरी भांडलो. काय करणार? म्हटलं, बाबा, अहो एकदा सांगा ना डॉक्टरला खरं, डावखुरे आहात तेही! तर म्हणाले, ‘काय सांगू? तो बिचारा इतक्या लांबून आलाय, त्याच्या डोक्याला कशाला ताप?’ म्हटलं, ताप हाच त्याचा धंदा आहे! तर उठून पपईच्या झाडाला पाणी घालायला गेले, उजव्या हातानं, निम्मं पाणी पायावर. आणि पाठमोरेच म्हणाले, ‘उन्हाळ्यापर्यंत उघडेल हात. मग फिरून येऊ.’

मग पुढच्या वेळी मी काय केलं, मी जाळं घेऊन गेलो. होय, दवाखान्यात! बादलीसकट! समुद्राचा वास असा भपकन सुटला की दारातली बाई नाकाला रुमाल लावून म्हणते, ‘हे काय आणलंत?’ म्हटलं, रिपोर्ट. बाबा माझ्याकडे बघेचनात. जॅकेट गळ्यापर्यंत, हात खिशात. आत गेलो, पपया दिल्या, फर्स्ट क्लास झालं, सगळं नेहमीचं, आणि डॉक्टरची नजर गेली बादलीकडे. त्यानं मनापासून विचारलं हो, ‘आमच्याकडे बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. हे कसं टाकतात?’ आणि उठून त्यानं जाळं उचललं, उलटं, चादर उचलतात तसं.

बाबांना दुसरं काहीही सहन होतं, कुणी जाळं उलटं धरलेलं सहन होत नाही. ‘असं नाही, डॉक्टर, इकडं द्या.’ आणि हात खिशाबाहेर! स्वतःच विसरले. निम्मं जाळं उजव्या हातावर घेतलं, बरोब्बर, घडीवर घडी, खांदे सरळ झाले, वय दहा वर्षांनी उतरलं, आणि शिशाची कड घ्यायला डावा हात पुढं केला.

बोटं उघडेनात.

म्हणजे थोडी उघडली, पण कड धरेनात. कड सुटली, शिशाचे मणी फरशीवर टकटक टकटक पडले. बाबांनी पुन्हा उचलली. पुन्हा पडले. मला वाटलं आता म्हणतील, वय झालं.

मग बाबा खाली बसले आणि अगदी हळू म्हणाले, ‘हा माझा कामाचा हात होता, डॉक्टर. स्ट्रोक आला त्या दिवसापासून गेला. याच हातानं मी मासे मारायचो. आता मला मासे मारता येत नाहीत.’

मासे मारायचो. म्हणाले. तोंडानं, मोठ्यानं. आता ऐकेनात का मासे, त्यांना कुठं बाबांची भीती राहिली होती! डॉक्टर वळून टाइप करायला लागला, तर बाबा त्याला म्हणाले, ‘डावखुरा आहे, तेही लिहा. या पोराला ते लागतं.’

तुम्हाला सांगतो, नोंद अशी झाली की कोडरनं फ्रेम करून लावावी. कधीपासून, कशामुळे, कुठली बाजू, कुठला हात. दोन दिवसांनी पार्टिशनवरून ग्वेनचा हात वर आला, तिनं नुसती दोन बोटं दाखवली आणि खाली घेतली. व्यायाम पुन्हा सुरू झाले. एक पिवळा मऊ गोळा दिलाय, तो दाबत बसतात. व्यायामवाली बाई म्हणते कप धरता येईल. कप. जाळं त्यांनी शेजारच्या काइमानाला देऊन टाकलं, बादलीसकट, आणि जॅकेट धुऊन, एका हातानं कशीबशी घडी घालून माझ्या कपाटात ठेवलं. ‘तुला होईल’, म्हणाले. हिलोमध्ये!

पण त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना, गाडीत, केआउकाहाचा रस्ता आला आणि बाबांनी नेहमीसारखं समुद्राकडे बघितलं नाही. मला म्हणाले, ‘झालं ना तुझं काम?’ मी म्हटलं, झालं, बाबा.

आणि मग मला कळलं हो, की हा नियम त्यांना माझ्याही आधीपासून माहीत होता. सबंध वर्ष तो माणूस त्या एका नियमाच्या जिवावर उभा होता, घामानं निथळत, हात खिशात घालून… लिहिलं नाही, म्हणजे झालं नाही.

आता लिहिलंय.