वामनचा भरलेला चेहरा

मंडळी, मायबहिणींनो, हातचं काम टाकून तुम्ही आले. वामनच्या शोकसभेत मले बोलायले उभं केलं, पण काय बोलू? घरात बसवत नाही, इथं उभं राहवत नाही. सांभाळून घ्या.

आतापर्यंत तिघं बोलले. वामन देवमाणूस होता म्हणे. माझा लहान भाऊ होता, मले माहीत आहे. हट्टी होता. चहात साखर कमी पडली की कप सरकवून द्यायचा. मले तोच वामन पाहिजे.

त्याचा सांध्यांचा ताप हृदयात उतरला, ते तुम्ही पाहिलं. आडवं होता येत नव्हतं. उशांले टेकून, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. डॉक्टरसाहेब म्हणाले, हृदयाले आतून सूज आहे, कॉर्टिझोन नावाची नवी गोळी निघाली आहे, देऊन पाहू. दिली. काही दिवसांत वामन आडवा झोपला. त्याची बायको सरू पदर तोंडाले लावून रडली.

मग चेहरा भरला. गाल गोल झाले. आणि आपली गल्ली काय म्हणाली? "वामन बरा झाला गा, कसा टवटवीत दिसून राहिला." डॉक्टरसाहेब सांगत होते, ही तब्येत नाही, गोळीनं आलेली सूज आहे. ऐकते कोण? आपल्यात विणकर दुखण्यातून उठला की सगळे मिळून त्याच्या नव्या ताण्याची, मागावर चढवायच्या उभ्या सुताची, पाजणी करतात. आपणही केली. पहाटे ताणा रस्त्यावर पसरला, सुताले खळ लावली, कुंचे फिरवले. प्रेमानंच केलं. पण गल्लीनं ताणा तयार करून दिल्यावर वामन मागावर बसणार नाही, तर काय करणार?

बसला. आणि मागावर बसलेला माणूस दवा खात नाही, अशी आपली समजूत. सरूनं गोळी पुढं केली, तर म्हणाला, "आता काहून? मी काय बिमार आहो का?" गोळ्या एकदम बंद. डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं, हळूहळू कमी करत बंद करू, नाहीतर दबलेली सूज पुन्हा उसळते. हे विणकराले सांगावं लागते का? मागावरचा ताणा आपण कधी एकदम ढिला सोडतो का? सूज उसळली. पुन्हा उशा. पुन्हा तोंड उघडं. या खेपेस तो उठला नाही.

आता गल्ली म्हणून राहिली, गोळीनं मारलं. डॉक्टरसाहेब मागं दाराजवळ उभे आहेत. त्यांले कोणी सतरंजीवर बसा म्हटलं नाही. मी मघापासून पाहून राहिलो.

श्रावणजी, मान खाली घालू नका. तुमच्या पोरीले, शकूले, हाच ताप आहे, हीच गोळी आहे. वामनची मयत पाहून तुम्ही भ्याले आणि तिची गोळी बंद केली. सरूनं मले सांगितलं. सकाळपासून तिले दम लागून राहिला, खरं ना? मी तिचा बाप असतो तर मीही भ्यालो असतो. पण माझं ऐका. वामन गोळी खात होता तोवर जगत होता. सोडल्यावर गेला. डॉक्टरवर चिडायचा हक्क कोणाचा असेल तर माझा आहे, आणि मी चिडलेलो नाही. मले फक्त शकूसाठी भीती वाटून राहिली. इतके जण बोलले, माझं सारं ध्यान तिच्या दारात आहे.

मंडळी, आता वामनसाठी मौन धरून उभे राहू. दोन मिनिटांचं नाही, कोणी घड्याळ पाहू नका. श्रावणजी, तुमचं घर समोर आहे. डॉक्टरसाहेबांले सोबत न्या. ते तपासतील, म्हणतील तेवढी गोळी पोरीच्या हातावर ठेवा. ती गिळेपर्यंत थांबा. मग दारात येऊन आम्हाले हात वर करून दाखवा. तोवर इथं कोणी बोलायचं नाही, कोणी बसायचं नाही.

उठा, श्रावणजी.