अठराशे त्र्याऐंशीचा डबा

वर्लीन: काचेला हात नको, हॉलिस. कालच पुसलीय.

हॉलिस: काचेला नाही लावत. मला आतल्या डब्याविषयी बोलायचंय.

वर्लीन: बोल की. सगळे त्याच्याविषयीच बोलतात. या उन्हाळ्यात आपल्या संग्रहालयात जेवढी माणसं आली, त्यातली निम्मी या डब्यासाठी आली. उरलेली संडासासाठी.

हॉलिस: लेबल जरा वाचून दाखव. माझा चष्मा ट्रकमध्ये राहिलाय.

वर्लीन: 'खाणकामगाराचा जेवणाचा डबा. टॉलिव्हरची चांदीची खाण, इसवी सन १८८३च्या सुमारास. न उघडलेला.'

हॉलिस: तो माझा आहे.

वर्लीन: म्हणजे तुझ्या पणजोबांचा?

हॉलिस: माझा. माझ्या गॅरेजमध्ये केलाय, थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी. मीठ आणि व्हिनेगर चोळून परसात टाकून ठेवला होता. कुत्रा येताजाता त्यावर पाय वर करायचा. त्याने गंज फार छान चढला.

वर्लीन: हॉलिस, मी या डब्यावर दोनदा व्याख्यान दिलंय.

हॉलिस: ऐकलंय. दुसऱ्याला मी होतो. मागे बसलो होतो.

वर्लीन: तेव्हा का नाही बोललास?

हॉलिस: तू तो फक्त चित्रात दाखवलास. माझा डबा वर खाणीपाशी बॉयलरखाली आहे याची मला खात्री होती. मला वाटलं, तसाच दुसरा सापडला असेल. अभिमानसुद्धा वाटला, की आपला किती हुबेहूब जमलाय.

वर्लीन: आणि याच्यावरचा डाख? मी सांगितलंय की हे अंधारात, घाईघाईने, थकलेल्या हातांनी केलेलं काम आहे.

हॉलिस: दिवे चालू होते. माझा डाख असाच येतो.

वर्लीन: बरं. शहाणासुरता माणूस असा डबा कशासाठी करतो?

हॉलिस: लपवायला. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. डबा डोंगरात कुठेतरी लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. लोक उपग्रहावर चालणारं यंत्र घेऊन येतात, डबा शोधतात, आतल्या कागदावर सही करतात आणि होता तिथे ठेवून जातात.

वर्लीन: आणि त्यांना मिळतं काय?

हॉलिस: डबा.

वर्लीन: जो ते परत ठेवतात.

हॉलिस: तू हे असं कोरड्या आवाजात बोललीस की ते मूर्खपणाचं वाटतं.

वर्लीन: मग जुना दिसेल असाच कशाला केलास? एखादा हिरवा प्लास्टिकचा ठेवायचास.

हॉलिस: हिरवा कुणीही उचलून नेतो. वर खाणीपाशी तुझीच पाटी आहे ना, इथली जुनी वस्तू, गंजका खिळासुद्धा, हलवणं गुन्हा आहे म्हणून. म्हटलं, जुना दिसला की कुणी हात लावणार नाही. आणि लावला कुणी? जिने पाटी लावली तिने.

वर्लीन: चोरीला जाईल म्हणून आणला मी. जूनमध्ये आम्ही संग्रहालयातल्या बायका खाणीपाशी साफसफाई करत होतो, तेव्हा आमच्यातली एकजण ओरडली की बॉयलरखाली काहीतरी आहे, आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. तशी शांतता मी या गावात फक्त प्रेतयात्रेत पाहिलीय. बरं, आत काय आहे?

हॉलिस: तू उघडलाच नाहीस?

वर्लीन: झाकण निघेना. जुन्या वस्तूवर जोर करायचा नसतो.

हॉलिस: झाकण खोटं आहे. बूड फिरवायचं. आत सह्यांची वही, पेन्सिल आणि प्लास्टिकचा एक डायनोसॉर.

वर्लीन: शनिवारी विद्यापीठातले प्राध्यापक क्ष-किरणांचं यंत्र घेऊन येतायत. सगळ्या जिल्हा मंडळासमोर आत काय आहे ते दाखवणार आहेत. मग संग्रहालयाच्या गळक्या छपरासाठी पैसे मंजूर होणार आहेत. आणि तू म्हणतोस डायनोसॉर.

हॉलिस: छोटा आहे.

वर्लीन: हॉलिस, शनिवारनंतर ये. मी स्वतः तुझ्या हातात देते. गुपचूप.

हॉलिस: शनिवारपर्यंत थांबता येत नाही. एल्डन वर गेला होता.

वर्लीन: तुझा भाऊ? तुम्ही अजून बोलत नाही? त्या एल्क हरणाच्या शिकारीवरून?

हॉलिस: गोळी माझी लागली होती.

वर्लीन: तो म्हणतो त्याची. अकरा वर्षं झाली, शिंगं तुझ्या गॅरेजात जमिनीवर पडलीयत, हे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. पण डब्याचं काय?

हॉलिस: तो दर सप्टेंबरला वर चढतो, डबा काढतो, सही करतो. नाव आणि तारीख, बाकी एक अक्षर नाही. आठवड्याने मी जातो आणि त्याच्याखाली सही करतो. म्हणजे तो आहे हे मला कळतं, मी आहे हे त्याला कळतं. आमचं ठीक चाललं होतं.

वर्लीन: याला ठीक म्हणतात?

हॉलिस: यंदा डबा नव्हता. तर त्याने इंटरनेटवर माझ्या डब्याच्या पानावर लिहिलं, 'शोधला. नाही. समजलो.'

वर्लीन: मग?

हॉलिस: 'समजलो', वर्लीन. अकरा वर्षांत त्याने मला उद्देशून लिहिलेला पहिला शब्द. त्याला वाटतंय मी डबा मुद्दाम काढून नेला. माझ्याकडून संपलं, असं.

वर्लीन: मग फोन कर त्याला.

हॉलिस: आधी फोन कुणी करायचा यातच तर अकरा वर्षं गेली.

(दार वाजतं. एल्डन आत येतो, गुडघ्यापर्यंत चिखल.)

एल्डन: संडासाची किल्ली.

वर्लीन: खिळ्याला आहे. एवढा चिखल कुठला, एल्डन?

एल्डन: वरून आलो. परत एकदा बघितलं.

वर्लीन: काय बघितलंस?

एल्डन: काही नाही.

वर्लीन: आता खाली का बसलास?

एल्डन: नाडी बांधतोय.

वर्लीन: तुझ्या बुटांना नाडी नाही.

हॉलिस: खेळातली रीत आहे ती. डबा दिसला आणि शेजारी न खेळणारं माणूस असलं की नाडी बांधायची. म्हणजे संशय येत नाही.

एल्डन: वर्लीन, त्याला विचार, त्याने डबा तुला विकला का.

हॉलिस: त्याला सांग, नाही. तो तू उचललास. मीही आजच पाहिला.

एल्डन: तुला कशाला पाहिजे होता?

वर्लीन: मला वाटलं तो अठराशे त्र्याऐंशीचा आहे.

एल्डन: असं डाखकाम बघूनसुद्धा?

वर्लीन: एल्डन, शनिवारी मला या काचेपुढे उभं राहायचंय.

एल्डन: त्याला विचार, मग त्याने हे मला सांगितलं का नाही.

हॉलिस: त्याला सांग, आज सांगणारच होतो.

वर्लीन: मी तुमची टेलिफोन कंपनी नाही. सरका दोघेही. ही काच उघडली. हा डबा. बूड कुठल्या बाजूला फिरवायचं?

हॉलिस: डावीकडे. डायनोसॉर सांभाळ.

वर्लीन: ही वही. एल्डन, कर सही आणि मला मोकळं कर.

एल्डन: पेन्सिल?

हॉलिस: आत आहे. कोपऱ्यात अडकते, आपट जरा.

एल्डन: मिळाली.

वर्लीन: थांबलास का?

एल्डन: दरवर्षी हिला टोक केलेलं असतं. मला वाटायचं वनखात्याचं कुणी येतं.

हॉलिस: वनखातं कशाला टोक करेल?

एल्डन: तेच म्हणतोय. तू करायचास?

हॉलिस: तू दाबून लिहितोस. पहिलीत होतास तेव्हापासून.

वर्लीन: झाली सही? छान. आता हे लेबल मी काढते. शनिवारी उभी राहीन आणि सांगेन की डबा हॉलिसच्या गॅरेजमधला आहे. मंडळातले हसतील. प्राध्यापक आपलं यंत्र परत गाडीत चढवतील. छपराचं विसरून जायचं.

एल्डन: कुठे गळतं?

वर्लीन: तू उभा आहेस तिथे. आणि मागे दोन ठिकाणी.

एल्डन: पत्रा आहे माझ्या कोठारात. बर्फ पडायच्या आत आम्ही घालून देऊ.

वर्लीन: आम्ही म्हणजे कोण?

एल्डन: शिडी धरायला माणूस लागतो.

हॉलिस: डाख मात्र मी लावणार नाही.

वर्लीन: लावूच नकोस. पाच वाजले, मला बंद करायचंय. डबा घेऊन निघा दोघेही.

हॉलिस: निघतो. पण याने ट्रक माझ्या ट्रकच्या मागे लावलाय. हा हलल्याशिवाय मला निघता येत नाही.

एल्डन: मला घाई नाही.