बावीसशे मायक्रोहेन्री

घराच्या पुढच्या खोलीतच दुरुस्तीचं दुकान होतं. आतून कुकरची शिट्टी झाली, तशी दुरुस्तीवाल्यानं रेडिओतून मान वर काढली. बिघडलेला मिक्सर घेऊन बसलेल्या बाईनं लेकीला मांडीवर ओढलं.

"आजोबा, कॉइल बरोबर आहे," तो रेडिओच्या म्हाताऱ्या मालकाला म्हणाला.

"कशी बरोबर? जुनीवर बावीसशे मायक्रोहेन्री लिहिलंय. आमच्या दिवट्यानं दोन पॉइंट दोनची बसवली!"

"ते माप मिलीहेन्रीत आहे. एका मिलीत हजार मायक्रो. दोन्ही एकच की."

"मग रेडिओ बंद कसा पडला?"

"स्पीकरची तार सुटलीय."

"अहो, याच कॉइलवरून पोराला नको नको ते बोललो मी. घर सोडून गेला तो."

"मग लावा की फोन."

"लावतो."

आजोबांनी फोन काढला, हातात धरून ठेवला, परत खिशात टाकला.

"आई, त्यांना नंबर आठवत नाही का गं?"