तुफान आणि माझे हात

मी जनार्दन, पेणच्या खाडीकडचा, बाप मिठागरात, आजा मिठागरात, आमच्या घरात पोर रडलं तर पाण्याआधी मीठ गळायचं, हसू नका, खरं सांगतो. मिठागर बंद पडलं तसा मी माथेरानला गेलो, लोकांचे घोडे धरता धरता घोडा शिकलो, आणि असा शिकलो की माझ्या हाताखालचा घोडा रांगोळीवरनं गेला तरी ठिपका पुसायचा नाय.

आता कोलाडजवळ एका शेटच्या फार्महाऊसवर असतो, मी आणि बायको सुमन. शेटने तुफान घोडा आणला तेव्हा तो कोवळा, पाठीवर माशी बसली तरी आभाळात जाणारा. शेट बोलला, जनाभाऊ, याला ड्रेसाज शिकवायचं, माझी पोरगी चालवणार हाय. म्हणजे लग्नातल्या घोड्यासारखं नाचणं नाय हां. आधी लांब दोरीवर गोल फिरायचं, मग पाठीवर माणूस घ्यायचा, सरळ चालायचं, वळायचं, थांब म्हटलं की चारी पाय सारखे ठेवून उभं राहायचं, आणि सगळं लगामाच्या एवढ्याशा इशाऱ्यावर, बघणाऱ्याला वाटावं घोड्याच्याच मनात आलं.

आणि काय सांगू तुम्हाला, त्याच वर्षी माझे हात थरथरायला लागले. चहाचा कप धरला तर चहा शेजारच्याने प्यावा, दुधाचा धरला तर लोणी निघावं. रोह्याच्या डॉक्टरने गोळी दिली, घेतली की हात निपचित, पण डोकं जड होतं, तोल जातो, म्हणून घोड्यावर बसायच्या आधी मी ती घ्यायचोच नाय. सुमन ओरडायची, अवो घ्या की, पडाल. मी बोलायचो, गप गो, मी पडलो तर जमीन बाजूला सरकेल.

तुफान तसाच शिकला. थरथरत्या लगामावर चालला, वळला. थांबवायचा असला की मी दोन्ही मुठी खोगिरावर दाबायचो, थरथर बंद, घोडा खांबासारखा उभा. शेट टाळ्या वाजवायचा, मी बोलायचो, बघा शेट, माझ्या नुसत्या श्वासावर थांबतो.

मग पोरगी आली. घोडेस्वारीच्या शाळेत शिकलेली, हात असे स्थिर की वर समई ठेवावी. बसली, आणि तुफान उभा. टाच मारली, उभा. छडी मारली, उभा, अंगभर घाम, डोळे पांढरे, पण हलेना, कारण स्थिर हात म्हणजे थांब, एवढंच त्याला ठाऊक, आणि तो बिचारा जीव तोडून ऐकत होता. शेवटी मागच्या पायांवर उठला, पोरगी खाली, गळ्याजवळचं हाड मोडलं.

शेट बोलला, ती बरी होऊन परत बसेल तेव्हा हा चालला पाहिजे, नायतर गाडीत भरून विकतो, आणि असला घोडा कोण घेतं ते तुला माहीत हाय. मी हातांचं सगळं सांगितलं तर बोलला, जना, आता तरी तुझ्या गोष्टी पुरे कर.

मग मी गोळी घेऊन बसायला लागलो. हात मेल्यासारखे, तुफान उभा, आणि जे मीच शिकवलं त्यासाठी मीच टाच मारायची. तो मान वळवून माझ्या गुडघ्याचा वास घ्यायचा, वर कोण बसलंय म्हणून. सुमन पुढं गुळाचा खडा धरून उलटी चालायची, ये रे बाबा, ये. आख्खा पावसाळा गेला एक पाऊल निघायला, मग हळूहळू त्याला कळलं, स्थिर हात म्हणजे चाल, लगाम जरासा ओढला की थांब. मी पडलोसुद्धा, जमीन काय सरकली नाय.

परवा पोरगी बसली. तुफान चालला, गोल फिरला, थांबला, परत चालला. शेट बोलला, ठेवतो. सुमन तबेल्याच्या मागं जाऊन रडली.

आज सकाळी गोळी न घेता मी त्याच्यावर बसलो, सहज, एकदाच. हात पयल्यासारखे थरथरले, तर त्याने कान पाडले, मान झटकली, पाय आपटला, जसा कोण परका माणूस चढलाय. उतरलो. खोगीर काढलं, अंग पुसून दिलं. मी हाय तसा त्याला आता समजत नाय, आणि मला हेच तर पाहिजे होतं. जा बाबा, जन्मभर स्थिर हातांची माणसं मिळोत तुला.