पायरीवरचा कंदील

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कचेरीची खिडकी उघडली. आतषबाजीच्या वेळी पंचगंगेत होडी घालायचा परवाना तिथे मिळत असे. माझ्यापुढे कृष्णातमामा नावाचे म्हातारे होडीवाले उभे होते. दिवे विकणाऱ्या सरुबाई त्यांच्या कानाशी मोठ्याने बोलत होत्या.

“मामा, औंदाबी होडी काढणार?”

“व्हय की. घरात बसून भिंतीसंगं बोलू?”

“बार उडायच्या आधी शिट्टी झाली की होडी हद्दीच्या दोरीमागं घ्याया लागती. ऐकू येती का?”

“तीस वर्सं घेतोयच की.”

“शिट्टी ऐकून?”

“न्हाय. शिट्टी झाली की तुझी मामी पायरीवरनं कंदील हलवायची. धुरातबी दिसायचा.”

“मामी श्रावणात गेली, मामा.”

“औंदा तू हलव की.”

“माझं दुकान पल्याडच्या घाटाला. होडीत माणसं किती बसवताय?”

“सात. त्यात दोन बारकी पोरं.”

खिडकीतून मामांचं नाव दोनदा पुकारलं गेलं.

“मामा, तुमचं नाव घेतलं.”

“कवा?”

सरुबाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. मामांनी अर्जाची नीट घडी घातली, ती खिशात ठेवली आणि ते रांगेबाहेर झाले.

“पावणं, तुम्ही व्हा फुडं.”