बंदर खुलं आहे

येसेनिया : मामा, त्या पत्त्याला हात लावू नकोस हं!

रोसामेल : मग काय, सर्व्हर मरू देऊ? एकच इंटरनेट-पत्ता सेकंदाला चारशे वेळा विचारतोय, ‘काय नवीन? काय नवीन?’ फुकट ते पौष्टिक! या हावरटापायी किनाऱ्यावरच्या बाकीच्या कोळ्यांना आपलं बंदराच्या सूचनांचं फीड उघडत नव्हतं.

येसेनिया : कोण आहे ते तरी बघ.

रोसामेल : असेल सान्तियागोचा कुणी उचल्या. आपल्या सूचना चोरून स्वतःच्या नावावर खपवत असेल. केलाय बंदोबस्त त्याचा, दहा वाजताच.

येसेनिया : म्हणजे तोडलंस?

रोसामेल : छे! तोडलं की तो दुसऱ्या दारानं येतो. त्याला सकाळची शिळी सूचना चिकटवून ठेवलीय. विचार म्हणावं हजारदा, तीच मिळेल. बघ, कसं सुरळीत चाललंय.

येसेनिया : सकाळची सूचना काय होती?

रोसामेल : ‘बंदर खुलं आहे.’

येसेनिया : आणि आत्ताची?

रोसामेल : साडेदहाला बंद केलं की बंदर-कचेरीनं. उत्तरेचा वारा सुटलाय.

येसेनिया : अरे देवा... मामा, हा पत्ता पुलमाय बेटाचा आहे! तिथे एकच मोबाइल मनोरा, सगळ्या फोनांचं विचारणं त्याच्यातून एकाच पत्त्यानं बाहेर पडतं. एक माणूस नाही, अख्खं बेट आहे ते!

रोसामेल : काहीतरीच! चारशे फोन दर सेकंदाला कशाला विचारतील?

येसेनिया : मीच फोनात तसं लावून दिलं, ईस्टरला घरी गेले तेव्हा. बाबा म्हणाले, पाच मिनिटांनी कळून काय उपयोग, तोवर होडी बेटाच्या टोकापलीकडे जाते. मला वाटलं, आमच्या शेजारची चारच तर घरं आहेत. पण बेटावरच्या सगळ्यांनी तेच उचललं असणार.

रोसामेल : आणि मला सांगितलं नाहीस?

येसेनिया : तू मला विचारलंस, शिळं वाढण्याआधी? भांडू नकोस, आधी उघड ते!

रोसामेल : उघडलं. हे बघ, उघडलं. पण टोकापलीकडे फोनच लागत नाही. रेडिओ दे इकडे. एलिएसेर! भावजी, ऐकू येतंय का?

(खरखर.)

एलिएसेर : बोल, साल्या! टोकापलीकडे आहे मी. झकास मासा आहे आज. वारा जरा उलटलाय, पण तुझी सूचना म्हणत होती खुलं आहे, म्हणून निघालो.

रोसामेल : बंदर बंद आहे. दीड तास झाला. तुमच्या बेटाची सूचना मी अडवली होती. चूक माझी आहे, भावजी. परत फिरा.

एलिएसेर : ...तू अडवलीस?

रोसामेल : हो, मीच. सगळ्यांना सांगा, लगेच फिरा म्हणावं.

एलिएसेर : मी फिरतो. पण बार्रियाची पोरं तीन होड्या घेऊन पुढे गेलीत.

रोसामेल : त्यांचा रेडिओ कितव्या चॅनेलवर?

एलिएसेर : त्यांच्याकडे रेडिओ नाही. तुझं फीड आल्यापासून पोरं तो घेतच नाहीत.

येसेनिया : बाबा, तुम्ही घरी या. कचेरीची बोट पाठवतो आम्ही.

एलिएसेर : तिला यायला दोन तास लागतील, येसे. मी वळवतोय होडी, त्यांच्या मागे.

येसेनिया : बाबा, नको ना!

एलिएसेर : कुणीतरी जाऊन सांगायला हवं, पोरी.